पकडलेला मासा ताटात येत नाही, मग जातो कुठे?

जगातलं मासळीचं उत्पादन उच्चांकावर पोचलं, अशी बातमी अधूनमधून येते. त्याच सुमारास रत्नागिरी-मालवणकडची बातमी असते की बोटी डिझेलचा खर्चही न निघता परत येतायत. आणि रविवारी बाजारात सुरमईचा भाव ऐकून कोल्हापूरकर मुकाट्याने मटणाच्या दुकानाकडे वळतो (त्याला तेवढं निमित्त पुरतं, ही गोष्ट वेगळी). या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात?

एक कारण सोपं आहे: उत्पादनातली वाढ आता समुद्रातून येत नाही, तळ्यांतून आणि पिंजऱ्यांतून येते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या, म्हणजे एफएओच्या, आकड्यांनुसार २०२२ साली जगात सुमारे १८ कोटी ५४ लाख टन मासळी, कोळंबी, शिंपले वगैरे निघाले. त्यातले ९ कोटी ४४ लाख टन पाळलेले होते. पकडलेल्यापेक्षा पाळलेलं जास्त, असं इतिहासात पहिल्यांदाच घडलं.

दुसरं कारण सहसा बातमीत येत नाही. पकडलेल्या माशांपैकी मोठा वाटा माणूस खातच नाही. तो उकडून, पिळून, वाळवून त्याची पावडर आणि तेल केलं जातं. २०२२ मध्ये या कामी सुमारे १ कोटी ७० लाख टन मासे गेले. १९९४ साली हाच आकडा ३ कोटी टनांच्या वर होता. २०१४ मध्ये तो १ कोटी ४० लाखांच्याही खाली उतरला आणि नंतर थोडा सावरला.

म्हणजे तीस वर्षांत जवळजवळ निम्मा. ही बातमी चांगली म्हणायची की वाईट? काही देशांत चांगली आहे, काही देशांत फार वाईट, आणि जगाची एकच बेरीज मांडली की हा फरक दिसेनासा होतो. म्हणून देशवार बघायला हवं. पण आधी कारखान्यात जाऊन येऊ.

मासळीचं गाळप

या पावडरीला सगळे फिशमीलच म्हणतात, आपणही तेच म्हणू. ती बनते कशी, हे साखर कारखाना पाहिलेल्या माणसाला समजावायला फार वेळ लागत नाही. बोटीतून आलेली मासळी पट्ट्यावरून कुकरमध्ये जाते. तिथे साधारण ९० ते ९५ अंशांवर ती शिजते, प्रथिनं गोठतात आणि पेशींतलं पाणी-तेल सुटं होतं. मग स्क्रू प्रेसमध्ये पिळून चोथा एकीकडे आणि रस दुसरीकडे. साखर कारखान्यात रस महत्त्वाचा असतो, इथे चोथा. रस फिरत्या यंत्रात घालून वरचं तेल काढून घेतात. उरलेल्या पाण्यातही विरघळलेली प्रथिनं असतात, म्हणून ते आटवून पुन्हा चोथ्यात मिसळतात. मग ड्रायर, मग चक्की, मग पोती.

उतारा किती? मासा मुळात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असतो. त्यामुळे शंभर किलो मासळीतून साधारण बावीस किलो पावडर निघते. तेलाचा उतारा माशाच्या जातीवर आणि हंगामावर ठरतो, पण तीन ते पाच किलो धरायला हरकत नाही. थोडक्यात, साडेचार किलो मासे तेव्हा एक किलो पावडर. त्या पावडरीत ६० ते ७० टक्के प्रथिनं असतात. सोयाबीनची पेंड ४५-४८ टक्क्यांवर थांबते.

एक गोष्ट ऐकून पहिल्यांदा विश्वास बसत नाही: ही पावडर आपोआप पेट घेऊ शकते. तिच्यातल्या उरल्यासुरल्या तेलाचा हवेशी संयोग होत राहतो, पोती आतून तापतात आणि जहाजाच्या तळात धूर निघू लागतो. म्हणून तिच्यात ऑक्सिडेशन रोखणारं रसायन मिसळतात, आणि जहाजवाले तिला धोक्याचा माल समजून हाताळतात.

साखर कारखान्याशी साम्य इथे संपत नाही. दोन्हीकडे हंगाम असतो. दोन्हीकडे कारखाने जास्त आणि कच्चा माल कमी झाला की पळवापळवी सुरू होते. आपल्याकडे पक्व न झालेला ऊस तोडला जातो, तिकडे न वाढलेली पिलं. फरक एवढाच की उसाला मालक असतो. त्याला वाटलं तर तो तोड नाकारतो, खोडवा राखतो. समुद्रातल्या माशाला मालक नाही. जो आधी जाळं टाकेल त्याचा. आज थांबणाऱ्याचा फायदा उद्या दुसऱ्याच बोटीला होतो, मग थांबायचं कुणी?

आधी कोंबडी, आता कोळंबी

ही पावडर खातं कोण? १९६०-७० च्या दशकात ती जवळजवळ सगळी कोंबड्या आणि डुकरांच्या खाद्यात जायची. आपल्याकडच्या जुन्या पोल्ट्रीवाल्यांना सुक्या मासळीची पोती आठवत असतील. त्यात मीठ आणि वाळू किती, यावर व्यापाऱ्याशी वाद व्हायचे आणि प्रमाण जास्त झालं की अंड्याला वास यायचा. आज कोंबडीचं खाद्य म्हणजे मका आणि सोयापेंड. जगभरातल्या फिशमीलपैकी कोंबड्यांच्या वाट्याला २०२० मध्ये उरलं होतं जेमतेम एक टक्का. डुकरांना नऊ. मत्स्यशेतीला ८६.

म्हणजे आपण मासे पकडतो, त्यांची पावडर करतो आणि ती दुसऱ्या माशांना घालतो. कारण उघड आहे. कोंबडी धान्यावर वाढते, पण सामन हा मुळात शिकारी मासा आहे आणि कोळंबीलाही तिच्या वाढीला लागणारी अमिनो आम्लं फिशमीलमधून सहज मिळतात. तेलाचंही तसंच. पाळलेल्या सामनमध्ये जे ओमेगा-३ असतं, त्याचा मोठा हिस्सा लहान माशांच्या तेलातून आलेला असतो. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या पिवळ्या पारदर्शक कॅप्सूलही त्याच तेलाच्या.

भारताचा संबंध इथूनच येतो. २००९ मध्ये व्हेनामी जातीच्या कोळंबीला परवानगी मिळाली आणि आंध्रच्या किनाऱ्यावर तळ्यांचा पूर आला. २०२३-२४ मध्ये देशाची मत्स्य निर्यात ६० हजार कोटी रुपयांच्या वर होती, त्यात एकट्या गोठवलेल्या कोळंबीचे सुमारे ४० हजार कोटी. एवढी कोळंबी पोसायला खाद्य लागतं, आणि खाद्याला फिशमील.

बहात्तर साल, इकडे आणि तिकडे

आता देशांकडे. सुरुवात पेरूपासूनच करावी लागते, कारण तिथे एकाच माशावर अख्खा धंदा उभा आहे. हा मासा अँकोव्हेटा, आपल्या मांदेलीच्या कुळातला, बोटभर लांबीचा. पेरूच्या किनाऱ्यावर वारे वरचं पाणी समुद्रात आत ढकलतात, त्याच्या जागी तळातलं थंड, खनिजांनी समृद्ध पाणी वर येतं, त्यावर सूक्ष्म वनस्पती माजतात आणि त्यावर अँकोव्हेटाचे अफाट थवे. पूर्वी हे मासे समुद्रपक्षी खायचे आणि त्यांच्या विष्ठेचं ग्वानो खत पेरू जगाला विकायचा. १९५० नंतर चित्र बदललं. कॅलिफोर्नियातला सार्डिनचा (आपल्या तारलीच्या कुळातल्या माशाचा) धंदा तेव्हा मासेच संपल्यामुळे बसला होता. तिथल्या कारखान्यांची जुनी यंत्रं पेरूत आली आणि पक्ष्यांऐवजी माणसांनीच थेट मासा उचलायला सुरुवात केली.

१९७० मध्ये पेरूने सुमारे १ कोटी २० लाख टन अँकोव्हेटा पकडला. त्या वर्षी जगात पकडलेल्या एकूण मासळीच्या जवळजवळ पाचवा हिस्सा, एका देशाने, एका जातीचा. तीन वर्षांनी, १९७३ मध्ये, हाच आकडा २० लाख टनांच्याही खाली होता. धंदा बुडाला आणि सरकारने सगळे कारखाने ताब्यात घेतले.

मधल्या काळात एल निनो आला होता. दक्षिण अमेरिकेजवळचं प्रशांत महासागराचं पाणी दर काही वर्षांनी नेहमीपेक्षा गरम होतं, त्याला एल निनो म्हणतात. गरम पाण्याचा थर वर बसला की तळातलं थंड पाणी वर येत नाही, आणि माशांचं अन्नच तुटतं. तोच एल निनो इकडे मॉन्सूनची ताकद काढून घेतो. महाराष्ट्रात ज्या बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी घरोघरी सांगितल्या जातात, सुकडी आणि रोजगार हमीची कामं, तो आणि पेरूच्या बंदरातल्या रिकाम्या बोटी, दोन्हींमागे एकच तापलेलं पाणी होतं.

फिशमील जगात मिळेनासं झाल्यावर खाद्यवाले सोयाबीनकडे धावले. इतर कारणंही होती, पण सोयाबीन इतकं भडकलं की जून १९७३ मध्ये अमेरिकेने सोयाबीनच्या निर्यातीवरच बंदी घातली. अमेरिकी सोयाबीनवर जगणारा जपान हादरला आणि त्याने ब्राझीलमधल्या शेतीत पैसा घातला. आज ब्राझील जगात सर्वांत जास्त सोयाबीन पिकवतो, आणि त्याचा दबाव हातकणंगले-शिरोळच्या शेतकऱ्यालाही दर हंगामात जाणवतो. पेरूतल्या बोटभर माशाचा आणि आपल्या सोयाबीनच्या दराचा संबंध लावणं ओढूनताणून वाटेल, पण साखळी खरी आहे.

मग सगळा दोष एल निनोचाच म्हणायचा का? असं म्हणणारे पेरूतही पुष्कळ आहेत. पण १९९७-९८ चं उदाहरण घ्या. तोही प्रचंड एल निनो होता, १९९८ मध्ये पेरूची पकड पुन्हा कोसळली. मात्र यावेळी मासे दोन वर्षांत परतले. १९७२ नंतर मात्र नीट सावरायला जवळजवळ वीस वर्षं लागली. निसर्ग दोन्ही वेळा रुसला होता. पहिल्या वेळी आधीच साठा खरवडून काढलेला होता, एवढाच फरक. (आणि एल निनो आला की आपल्याकडे दुष्काळ पडतोच असंही नाही, १९९७ ला पाऊस सरासरीइतका झाला होता.)

आता पेरूत शिस्त बरीच आहे. हंगामाआधी इमार्पे ही सरकारी संशोधन संस्था ध्वनिलहरींनी साठा मोजते आणि त्यावरून सरकार किती टन पकडायचे ते ठरवतं. २००९ पासून प्रत्येक बोटीला तिचा वाटा ठरवून दिला जातो, त्यामुळे पहिल्या दिवसापासूनची जीवघेणी शर्यत थांबली. १२ सेंटिमीटरपेक्षा लहान मासा पिल्लू धरतात, आणि एखाद्या भागात पिलांचं प्रमाण वाढलं की तो भाग बंद. २०२३ मध्ये पुन्हा एल निनो आला, चाचणी मासेमारीत पिलंच पिलं आली, तेव्हा सरकारने वर्षाचा पहिला हंगाम सरळ रद्द केला. त्याच वर्षी इकडे ऑगस्ट कोरडा गेला आणि ऑक्टोबरअखेर राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यात आपले हातकणंगले आणि गडहिंग्लज होते. पेरूत २०२४ मध्ये दोन्ही हंगामांना प्रत्येकी सुमारे २५ लाख टनांची परवानगी मिळाली. २०२३ चा घसरलेला आकडा पाहून कुणी ‘मासे संपले’ म्हटलं असतं तर ते चूक ठरलं असतं. ते थांबले होते.

घसरणीचे दोन प्रकार

थांबल्यामुळे आकडा खाली येतो, तसाच मासा उरला नाही म्हणूनही येतो. आलेखात दोन्ही रेषा सारख्याच दिसतात.

नॉर्वेने दोन्ही अनुभवलं. १९६० च्या दशकात ध्वनिलहरींनी थवे शोधणारं ‘सोनार’ उपकरण आणि यंत्राने ओढायची जाळी आली, हेरिंग माशाचे थवेच्या थवे पावडरीच्या कारखान्यात गेले आणि दशक संपताना साठा कोसळला. जवळपास वीस वर्षं तो धंदा बंदच राहिल्यासारखा होता. नंतर हेरिंग परतला, पण आता तो मुख्यतः माणसांसाठी विकला जातो, कारण त्यात पैसा जास्त आहे. चिलीतही तसंच काहीसं. १९९५ मध्ये तिथे ४० लाख टनांहून जास्त हॉर्स मॅकरेल पकडला गेला, बहुतेक पावडरीसाठी. पंधरा वर्षांत तो नावापुरता उरला. २०१३ पासून दक्षिण प्रशांतातल्या देशांनी मिळून मर्यादा घातली, साठा वाढला, आणि आजकाल एकूण मर्यादा पुन्हा १० लाख टनांच्या वर आहे. त्यातला बराचसा मासा आता गोठवून आफ्रिकेत खायला जातो. या दोन देशांत पावडरीचा आकडा खाली आला ही चांगली बातमी आहे.

नामिबियाची नाही. १९६८ मध्ये तिथल्या पाण्यात सुमारे १४ लाख टन सार्डिन पकडली गेली. ती गेली ती गेलीच, आणि तिच्या जागी जेलीफिश माजल्या. जपानची गोष्ट तिसरीच. १९८८ मध्ये ४५ लाख टनांच्या आसपास सार्डिन, आणि नंतरच्या दहा-बारा वर्षांत पार आटली. तिथे मुख्य कारण समुद्राचं तापमान बदलणं हे होतं. मासेमारी थांबवूनही ती टळली नसती, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात.

उत्तर समुद्रातला सँडईल मासा तर थेट कोर्टात गेला. वाळूत पुरून राहणारा हा बारीक मासा मुख्यतः डेन्मार्कच्या बोटी पावडरीसाठी पकडतात, आणि त्याच्यावरच पफिनसारखे समुद्रपक्षी जगतात. २०२४ मध्ये ब्रिटनने आपल्या उत्तर समुद्रातल्या पाण्यात त्याच्या मासेमारीवर बंदी घातली. युरोपीय संघ हेगच्या लवादाकडे गेला. २०२५ मध्ये निकाल लागला. बंदीमागचं शास्त्र लवादाने मान्य केलं, पण इंग्लंडच्या हद्दीतला निर्णय घेताना मच्छीमारांचा हक्क नीट तोलला नाही, असा ठपकाही ठेवला. पक्ष्यांच्या घासासाठी दोन सरकारं भांडतात, हे वाचून मला बरं वाटलं.

आफ्रिकेत आकडा वर जातो, तीच अडचण

जगाचा आकडा निम्म्यावर येत असताना पश्चिम आफ्रिकेत तो उलट्या दिशेने धावला. मॉरिटानिया, सेनेगल, गांबिया या देशांच्या किनाऱ्यावर गेल्या पंधरा-वीस वर्षांत फिशमीलचे कारखाने उभे राहिले, बरेचसे परदेशी भांडवलावर. कच्चा माल सार्डिनेला, म्हणजे तारलीचीच बहीण.

हा मासा तिथल्या गरिबाचं रोजचं कालवण आहे. होड्यांतून आलेला मासा किनाऱ्यावरच्या बायका विकत घ्यायच्या, भाजून-धुरावून वाळवायच्या आणि तो आतल्या देशांत, समुद्र कधी न पाहिलेल्या गावांपर्यंत जायचा. आपल्याकडे सुकट-बोंबील घाट चढून कोल्हापूरच्या बाजारात येतात तसाच. कारखाना आला की होडीवाल्याला एकगठ्ठा गिऱ्हाईक मिळतं, भाव चढतो आणि टोपली घेऊन उभ्या बाईच्या हाती काही लागत नाही. निर्यातीच्या रकान्यात मात्र ही भरभराट दिसते. एफएओच्या तज्ज्ञ गटाने सार्डिनेलाचा साठा झेपेल त्यापेक्षा जास्त ओरबाडला जातोय, असा इशारा वारंवार दिला आहे.

२०१७ मध्ये गांबियातल्या गुंजूर गावाजवळच्या खाडीचं पाणी लालसर झालं आणि मासे मरून तरंगू लागले. गावकऱ्यांनी बोट दाखवलं ते कारखान्याच्या सांडपाण्याकडे. पंचगंगेकाठच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आपली तारली आणि कुटी

पश्चिम किनाऱ्यावर फिशमीलचे कारखाने मंगळुरू-उडुपीकडे, गोव्यात, वेरावळला आणि रत्नागिरीत आहेत. त्यांना दोन वाटांनी माल मिळतो.

पहिली वाट तारलीची. ती भरपूर आली की बाजारात भाव पडतो आणि ट्रक कारखान्याकडे वळतात. केरळमध्ये २०१२ साली जवळजवळ चार लाख टन तारली निघाली होती, विक्रमी. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदीनुसार २०२१ मध्ये निघाली ३,२९७ टन. चार लाख टनांवरून साडेतीन हजारांच्याही आत. यात समुद्राच्या तापण्याचा, २०१५ च्या एल निनोचा वाटा मोठा होता, आणि पिलं उपसण्याचाही. केरळने त्याआधीच तारलीसाठी किमान १० सेंटिमीटरची अट घातली होती. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये अनेक जातींसाठी किमान आकार ठरवून दिला. नियम कागदावर आला, आता बंदरावर पट्टी घेऊन उभं कोण राहणार हा प्रश्न आहे.

दुसरी वाट कुटीची. ट्रॉलरच्या जाळ्यात चांगल्या मासळीबरोबर जो बारीकसारीक, चेंगरलेला माल येतो त्याला कोकणात कुटी म्हणतात. कुटीचा एक क्रेट उपडा करून बघा. बोटाएवढे बांगडे, राणी माशाची पिलं, बारके खेकडे, म्हाकुलाची पिल्लं, चिखल, आणि ज्यांचं नाव कुणालाच सांगता येत नाही असे दोन-चार प्रकार. किलोचा भाव अगदी किरकोळ. पण त्यातला बांगडा सहा महिने समुद्रात राहिला असता तर तोच घाट चढून इथे आला असता आणि आपण तो आनंदाने दहापट भावाने घेतला असता. पूर्वी हा माल समुद्रातच फेकला जायचा. आता त्याला गिऱ्हाईक आहे म्हणून तो बंदरात येतो. फेकण्यापेक्षा बरं, हे खरंच. पण गिऱ्हाईक आहे म्हटल्यावर बारीक जाळं टाकायला संकोचही उरत नाही.

महाराष्ट्रात २०१९ साली फक्त २ लाख १ हजार टन मासळी निघाली, त्याआधीच्या ४५ वर्षांतली सर्वांत कमी. त्याला वादळं, अवेळी पाऊस अशी कारणंही होती. तरी पर्ससीनवाले (थव्याला गोल घेरणारं मोठं जाळं वापरणारे) आणि पारंपरिक मच्छीमार यांचं भांडण दर हंगामाला का पेटतं, हे या आकड्यावरून कळतं.

‘नाहीतरी तो मासा खाणार कोण होतं?’

कारखानदारांचा हा नेहमीचा सवाल, आणि तो अगदीच पोकळ नाही. अँकोव्हेटा तेलकट असतो, काही तासांत बिघडतो, आणि पेरूची सगळी लोकसंख्या रोज खायला बसली तरी ४० लाख टन संपणार नाहीत. पण जगभराचा हिशेब वेगळा आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं निघालं की पावडरीला जाणाऱ्या माशांपैकी सुमारे ९० टक्के मासे माणसाने खाण्याजोग्या जातींचे होते. सेनेगलमध्ये ‘कोण खाणार होतं’ हा प्रश्न विचारायचीही सोय नाही. आणि तारली कोण खातं, हे विचारायला कोकणात जाऊन बघा.

‘मासे पाळले की समुद्रावरचा भार हलका होणार ना?’

कोणता मासा पाळता यावर ते आहे. आपल्या शेततळ्यातले रोहू-कटला भाताच्या कोंड्यावर आणि शेंगपेंडेवर वाढतात, त्यांना फिशमील फार लागत नाही. चीनमधल्या गवत्या माशांचंही तसंच. यांचं वजन मोठं असल्यामुळे जगाची सरासरी छान दिसते. सामन आणि कोळंबीचा हिशेब वेगळा.

नॉर्वेच्या सामन उद्योगाने खाद्य बदललं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. १९९० मध्ये तिथल्या खाद्यात सुमारे ९० टक्के भाग समुद्रातून आलेला असायचा, २०२० मध्ये २२ टक्के. बाकी सोया, गहू, मोहरीवर्गीय तेल. टक्का चौथाईवर आला. पण मधल्या तीस वर्षांत सामनचं उत्पादन कित्येक पटींनी वाढलं आणि २०२० मध्ये खाद्यच जवळपास २० लाख टन लागलं. त्याचे २२ टक्के म्हणजे चार लाख टनांहून जास्त. टक्केवारीची जाहिरात बघताना हा गुणाकार करून बघायची सवय असलेली बरी.

दुसरा खरा बदल कच्च्या मालात झाला आहे. २०२२ मध्ये जगातल्या फिशमीलपैकी साधारण एक तृतीयांश आणि तेलापैकी निम्म्याहून अधिक, मासे साफ केल्यावर उरणाऱ्या डोकी, काटे, आतडी यांपासून बनलं. रत्नागिरीत राणी माशाचं मांस धुऊन-कुटून सुरीमी नावाचा लगदा करतात आणि तो परदेशी जातो. त्यातला उरलेला भाग पावडरीला गेला तर कुणाचं काही बिघडत नाही. मळीपासून कारखान्याने इथेनॉल काढावं, तसंच. कारखाना कुणाचा यापेक्षा त्याच्या पट्ट्यावर काय चढतंय हे बघितलं पाहिजे: काटे, की बोटाएवढे बांगडे.

‘मग सगळं सोयाबीनच घाला की!’

सोयाबीनवाल्या जिल्ह्यात हा प्रश्न येणारच. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये आहे आणि बाजारात तो मिळवताना शेतकऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो. मत्स्यखाद्याने उचल वाढवली तर कुणाला नको आहे?

बऱ्याच प्रमाणात ते घडलंही आहे, वर नॉर्वेचं पाहिलंच. पण अडचणी तीन. सोयापेंडीत मेथिओनीन हे एक अमिनो आम्ल कमी पडतं, ते बाहेरून घालावं लागतं. शिवाय सोया जास्त झाला की सामनसारख्या माशाच्या आतड्याला सूज येते. आणि ओमेगा-३ चे जे लांब साखळीचे प्रकार माशाच्या तेलात असतात ते सोयातेलात नाहीतच. ते मुळात सूक्ष्म शेवाळ बनवतं, मासा फक्त साठवतो. म्हणून थेट शेवाळापासून तेल काढायचे कारखाने सुरू झालेत. अळ्यांपासून प्रथिनं काढायचेही प्रयोग चालू आहेत. दोन्हींची किंमत अजून चढी आहे. तोवर दक्षिण ध्रुवाजवळच्या क्रिल नावाच्या बारीक जीवावरही नजर गेली आहे. तिथली ६ लाख २० हजार टनांची मर्यादा २०२५ मध्ये पहिल्यांदाच गाठली गेली आणि हंगाम लवकर बंद करावा लागला.

शेततळ्यासाठी खाद्याचं पोतं घेताना दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारा: यात फिशमील किती, आणि ते कुठलं? प्रथिनांची टक्केवारी पोत्यावर छापलेली असते, बाकीचं त्याला कंपनीला फोन करून विचारावं लागेल. रोहू-कटल्याला महागडं जास्त प्रथिनांचं खाद्य घालून काही फायदा नाही, तेवढे पैसे वाचतील. आणि सोयाबीनवाल्यांनी पेरूच्या पहिल्या हंगामाच्या घोषणेकडे लक्ष ठेवावं. ती साधारण एप्रिलच्या सुमाराला होते, म्हणजे आपल्याकडे बियाण्याची जुळवाजुळव सुरू होते तेव्हा. खाद्य कंपन्यांचे खरेदीदार ती तारीख आधीच लिहून ठेवतात.